नव्या आवृत्तीला दादाची परवानगी

नाम दिन्ह,
चांद्र दुसरा महिना, चौथा दिवस

प्रिय ख्वात दादा,

वहिनीचा खोकला थांबला का? इकडे सगळे बरे आहेत. अंगणातल्या सुपारीला फुलोरा आलाय. आजोबांच्या श्राद्धासाठी चिकट भाताचं आणि कोंबड्यांचं सांगून ठेवलंय, त्याची काळजी नको.

काळजी आहे ती त्या कॉम्प्युटरची. वंशावळीचा प्रोग्राम रोज सांगतो, नवी आवृत्ती आली आहे. मी 'हो' म्हटलं की अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तू, हनोईत. पूर्वजांच्या घरात बसून अख्ख्या घराण्याची नावं टाइप करायची मी, छापायची मी, आणि अपडेट म्हटलं की मी परकी.

टेटच्या सणाला तुला खुर्चीत आणून बसवलं, तर म्हणालास, "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" फोन केला की, "पुढच्या आठवड्यात बघू." तुझा पुढचा आठवडा या वर्षी तरी उजाडेल असं दिसत नाही. जुन्या आवृत्तीत नावांतल्या अक्षरांवरच्या उच्चाराच्या खुणा धड छापल्या जात नाहीत, हे किती वेळा सांगून झालं.

परवा मात्र तू म्हणालास, "न्हान, नव्या आवृत्तीत काय आहे ते ठाऊक आहे मला." तेव्हा कळलं घोडं कुठे पेंड खातंय. मग मीही ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू?

जुन्या प्रोग्राममध्ये मुलीचं नाव आलं की ओळ संपते. 'न्हान, मुलगी.' झालं. नव्यात मुलीच्या नावाखाली तिच्या लेकरांना जागा आहे. घराण्यातल्या बाकी लेकींची मुलं आपापल्या बापाच्या वंशावळीत आहेत. माझी क्वेन कुठेच नाही. तिच्या बापाचं नाव मी तेव्हा सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. ती आडनाव आपलंच लावते.

गेल्या श्राद्धाला तू नावं वाचून संपवलीस, तेव्हा तिने सगळ्यांसमोर विचारलं, "आई, माझं पान राहिलं का?" तू खाली बघून चहा ओतत राहिलास. त्याचा मला अजून राग आहे, दादा.

बाजारातला दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, पासवर्डचंच अडलंय ना? आत्ता काढून टाकतो." मी मशीन उचललं आणि घरी आले. माझ्या लेकीला मागच्या दाराने घराण्यात घुसवायचं नाही मला.

म्हणून आता पासवर्ड पाठवू नकोस. श्राद्धाला येशील, तेव्हा नावं वाचायच्या आधी मी अपडेट सुरू करून ठेवीन. पासवर्डची चौकट समोर असेल आणि शेजारच्या खुर्चीत क्वेन असेल. काय करायचं ते तिच्यादेखत कर. नाही म्हणायचं असेल, तर तेही तिच्याकडे बघून म्हण. फक्त पुढच्या आठवड्याचं सांगू नकोस. ती लहान आहे, खरंच वाट बघत बसेल.

तुझी धाकटी बहीण,
क्वेनची आई,
न्हान