पडद्यावरची बाई

३ मार्च
बंदरावरच्या औषधाच्या दुकानात आज रुजू झाले. सोल शहरातल्या धावपळीनंतर या गावात जीव निवला. दुकानावरच खोली मिळाली. खिडकीतून समुद्र, दोऱ्यांवर वाळणारे मासे. शेजारच्या ग्वाककाकूंनी कोबीची आंबट-तिखट किमची आणून दिली आणि चाळिशी उलटली तरी एकटी कशी, याची चौकशीही उरकली. दोघी हसलो.

१९ मार्च
गावावरचा माहितीपट सगळे फोनवर बघतायत. एकोणीस वर्षांपूर्वी यू-रिम नावाची सात वर्षांची मुलगी इथून नाहीशी झाली. तिला सांभाळणारी बाईही त्याच दिवसापासून बेपत्ता. ती बाई आज कशी दिसत असेल, तो चेहरा शेवटी संगणकाने काढून दाखवलाय. काकू म्हणाल्या, अगं ओक-जू, ही तर तूच की. पुन्हा हसलो. मी जरा कमी.

२४ मार्च
त्या चेहऱ्याशेजारी माझा फोटो लावून कुणीतरी टाकलाय. चार लाख लोकांनी पाहिला. पोलिसांनी कागद तपासले, ही मूळची पुसानची, ती बाई नव्हे, असं सांगितलं. खाली लोक लिहितात, कागद काय, कुणीही छापतं. गिऱ्हाइकं फोन रोखून खोकल्याचं औषध मागतात आणि विचारतात, पोरीला काय पाजलंस? काकू आता दार लावून घेतात.

३१ मार्च
यू-रिमची आई रोज सकाळी जिन्याशी येऊन बसते. शिव्या देत नाही. म्हणते, तुला शिक्षा नको व्हायला, बाई. कुठे ठेवलीस तेवढं सांग. थंडी लागत असेल तिला.

६ एप्रिल
आजही. पावसात. नुसती बघत राहते. मालक म्हणाले, काही दिवस दुकानात येऊ नकोस —

९ एप्रिल
सांगून टाकलं. बर्फाच्या बंद कारखान्यामागे, विहिरीपाशी. तोंडात आलं ते. मी तिकडे कधी गेलेही नाही. तिने माझे हात डोळ्यांना लावले. वाटलं, आता तरी ती यायची थांबेल —

१० एप्रिल
खणलं. सापडली. लाल बूट, एकच. हाडं —
मी तिकडे गेले नव्हते. नव्हतेच ना? पुसानची शाळा आठवते. वर्गाच्या बाईंचं नाव आठवत नाही. एक लहान हात आठवतो, माझ्या हातात, ओला —

दुपारी
जिन्यावर सगळं गाव. पुढे ती आई. ओरडत नाही. दाराला तोंड लावून विचारतेय, माझ्या यू-रिमने शेवटी मला हाक मारली होती का.
आणि मला ते माहीत आहे —