अण्णांची पाठदुखीची गोळी

लोहारा, मंगळवार, संध्याकाळ

आज धाराशिवला दाखवून आले. किडनीतल्या गाठी वाढल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, वडिलांकडून आलेला आजार आहे, जाणार नाही. पण बीपी ताब्यात राहिलं, आतली सूज कमी राहिली, तर सावकाश पुढं सरकेल. दुखण्याची गोळी मात्र बंद करा म्हणाले. ती तर सुजेवरचीच, मग का नको, असं मी विचारलं. म्हणाले, ती किडनीलाच बाधते.

एसटीनं येताना पाठ लई दुखली. एक गोळी घेतली तर काय होतंय? घरी येऊन डबा उघडला, तर गोळ्या गायब. सासूबाई चुलीवर वीट तापवत होत्या.

"गोळी न्हाय मिळायची. पालथी पड, शेकते."

मी तोंड फुगवून पालथी पडले. फडक्यात गुंडाळलेली वीट पाठीला लागली आणि बरं वाटलं.

माझे वडील, अण्णा, रोज रानातनं आले की चहाबरोबर हीच गोळी घ्यायचे. त्यांच्याही पोटात ह्याच गाठी होत्या, ते फार उशिरा कळलं. गोळी नका घेऊ म्हणणारं त्यांना कुणी भेटलंच नाही. मला घरातच भेटलं, आणि मी त्या बाईवर वीट गार होईपर्यंत फुगून बसले.