रेघ लाजली पाहिजे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी मोटारींच्या कारखान्यात मातीचे नमुने घडवणे, सध्या काठी धरून बसणे, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. कंबर नाही, पण कायद्याला कंबर लागत नाही असे वकीलबाईंनी सांगितले आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, मला कोणी फूस लावलेली नाही, आणि मी औषधाच्या अमलाखालीही नाही. दुपारची गोळी मुद्दाम सही झाल्यावर घ्यायची ठेवली आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मला दोनच वारस आहेत, एक मुलगा आणि त्याच्या पाठची एक मुलगी. माझे यजमान माझ्याआधी गेले. 'पुरे आता' म्हणणारे कोणी राहिले नाही, त्यामुळे हा कागद लांबणार आहे.

कलम १. राहते घर, आतल्या सामानासह, पुढचे अंगण आणि मागचे दार धरून, मी माझ्या मुलीला देते. मुलाचे स्वतःचे घर आहे आणि "आई, घर तिलाच दे" हे त्याने आपणहून म्हटले आहे. त्याचे आभार मानावेत की त्याला माझ्याआधी का सुचले म्हणून रागवावे, हे मला कळेना. पुढच्या अंगणाबद्दल कलम ७ मध्ये वेगळे लिहीन. तिथवर जायची मला लाज वाटते, म्हणून आधी बाकीचे उरकते.

कलम २. बँकेत जे काही असेल ते दोघांनी निम्मे निम्मे घ्यावे. भांडण होण्याइतके ते नाही.

कलम ३. दोन दारांची हिरवी गाडी, जिला घरात सगळे ठेंगणी म्हणतात, ती मुलाला द्यावी. तिच्यावर चिकटपट्ट्या लावायच्या नाहीत आणि मागे शेपटी बसवायची नाही. या गाडीचा खांदा, म्हणजे दिव्यापासून मागच्या चाकापर्यंतचा तो भरीव भाग, मी घडवलेला आहे. कागदावर नाव दुसऱ्यांचे असते आणि ते बरोबरच आहे, चित्र त्यांनी काढले होते. पण चित्राला पोट नसते, पाठ नसते. ती आम्ही देतो.

सुंदर गाडी लांबून ओळखू येते, जवळ जावे लागत नाही. चाके अंगाला नीट बसलेली असतात, शिवून घेतलेल्या कपड्यासारखी. पुढचे चाक आणि दार यांच्यामध्ये मोकळी जागा असते. टप हलका असतो. ठेंगणीचा टप आणखी दोन बोटे खाली घ्यायचा हट्ट माझा होता. इंजिनियर म्हणाले, "बाई, माणसं आत शिरणार कशी?" मी म्हटले, "वाकून शिरतील. एवढी सुंदर वस्तू असेल तर माणसानं थोडं वाकावं." हे वाक्य पुढे विभागात बरेच दिवस गाजले. मलाही ते फार आवडत असे. आता ते आठवले की कान गरम होतात, का ते पुढे येईल.

कलम ४. माझी हत्यारे, म्हणजे लहानमोठ्या पोलादी पट्ट्या, तारेची कोरणी आणि लाकडी मुठीची खरवडणी, आमच्या विभागातल्या सुताराला द्यावीत. तो हयात नसेल तर त्याच्या बायकोला. त्यांनी ती भाजी चिरायला वापरली तरी माझी हरकत नाही.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पत्रा ठोकण्याआधी गाडी पूर्ण मापाची मातीत घडवतात. सुतार आत लाकडाचा सांगाडा करतो, त्यावर गरम तपकिरी माती लिंपायची, गार झाली की पट्टीने तासायची, आणि शेवटी वर चकचकीत पातळ कागद चढवून उजेड कसा पळतो ते बघायचे. उजेड कुठे अडखळला की समजावे, तिथे चूक आहे. मग डोळे मिटून तळहात फिरवायचा.

त्याआधी मी पुतळे करणाऱ्यांकडे कामाला होते. चेहरे मोठे कारागीर करत, मला कपड्यांच्या चुण्या मिळत. म्हणून कारखान्यात माझे नाव चुणीबाई पडले. चुणी खांद्यापाशी ठळक सुरू होते आणि खाली उतरता उतरता कापडात विरते. ती नेमकी कुठे संपली ते बोट ठेवून सांगता येत नाही. गाडीच्या अंगावरची रेघ तशीच हवी. दिव्यापाशी ताठ, दाराच्या मुठीपाशी नरम, मग नाहीशी. मी म्हणत असे, रेघ लाजली पाहिजे. पहिल्यांदा सगळे हसले. मग सगळा विभाग तसेच बोलू लागला.

"चुणीबाई, लाजली का?"

"अजून नाही. निर्लज्ज आहे. उद्या बघू."

दुपारच्या सुट्टीत मी आणि सुतार फाटकाबाहेरच्या पायरीवर डबे उघडून रस्त्यावरच्या गाड्या बघत असू. दुसऱ्या कारखान्यांची खरी नावे आम्ही घेत नव्हतो. एक होते लांबनाके. त्यांच्या गाडीचे नाक लांब, आणि त्या नाकावर काही म्हणजे काही नाही. एवढी जागा रिकामी ठेवायला छाती लागते. आमच्याकडे असती तर कोणीतरी तिथे झरोका तरी काढलाच असता. दुसरे पाठमोरे. त्यांनी वर्षानुवर्षे एकच पाठ ठेवली, दर वेळी तीच थोडी घासून आणखी बरी केली. जग काय म्हणते म्हणून ते कधी बिथरले नाहीत. तिसरे गरीबघरचे. त्यांच्या गाड्या लहान, स्वस्त, चाके चार कोपऱ्यांत नेऊन ठेवलेली, अंगावर दाखवायला काही नाही, त्यामुळे खोटेही काही नाही. सुताराला हे तिसरे सर्वांत आवडत. मी "बऱ्या आहेत" म्हणून पुढची गाडी बघत असे.

तो एकदा म्हणाला, "बाई, तुम्हाला सुंदर दिसायला आधी ती गाडी महाग लागते."

मी त्याच्याशी काही दिवस बोलले नाही. हत्यारे त्याला देण्याचे कारण हेच समजावे.

कलम ५. आमच्या विभागाचे मुख्य डिझायनर, ज्यांना आम्ही साहेब म्हणत असू, त्यांना माझे खोडरबर द्यावे. माझ्या शेवटच्या गाडीवर त्यांनी पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एक धारदार रेघ सलग ओढायला लावली. मी म्हटले, ही कुठेच लाजत नाही. ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला रस्त्याच्या पलीकडून दिसली पाहिजे." दिसली. गाडीचा खप चांगला झाला, म्हणून तर राग गेला नाही. रागाची वाटणी करता येत नाही असे वकीलबाई म्हणतात, तेव्हा तो मी माझ्याबरोबर नेते.

कलम ६. माझे चष्मे ज्याच्या नाकाला बसतील त्याने घ्यावेत.

कलम ७. पुढचे अंगण.

माझी मुलगी लोकांचे घरसामान हलवण्याचा धंदा करते. त्यासाठी तिच्याकडे एक उंच, चपट्या तोंडाची, पांढरी गाडी आहे. तिला आम्ही डबा म्हणतो. नाव मीच ठेवले आणि प्रेमाने ठेवले नव्हते. गाडीच्या अंगावर पिवळ्या अक्षरांत "सामान नेऊ, जपून नेऊ" असे लिहिले आहे. गाडी घेतली तेव्हा मुलीने ती अगदी दारासमोर आणून उभी केली, दोनदा हॉर्न वाजवला आणि विचारले, "कशी आहे?" मी म्हटले, "चाकं आहेत." ती हसली. मीही हसले. मला वाटले विनोद झाला.

मी निवृत्त झाले तेव्हा विभागातली मंडळी घरी यायची होती, साहेबांसकट. मी मुलीला म्हटले, "डबा आज जरा मागच्या गल्लीत लाव ना." ती "बरं" म्हणाली. मी 'आज' म्हटले होते. ते तिला ऐकू आले नसेल, किंवा ऐकू आले आणि माझ्या तोंडाकडे बघून तिने ते सोडून दिले असेल. दुसऱ्या दिवशीही तिने डबा मागेच लावला, तिसऱ्या दिवशीही. मी एका वाक्यात दुरुस्त करू शकले असते. मला ते सोयीचे वाटले. पुढे ठेंगणी उभी असायची, येणारेजाणारे थांबून बघायचे, आणि माझी मुलगी दिवसभर लोकांची कपाटे वाहून मागच्या दाराने, केराच्या डब्यांच्या बाजूने घरात यायची. ज्या माणसाच्या नजरेला मी कारखान्यात कवडीची किंमत दिली नाही, त्याच्या नजरेसाठी मी हे केले.

या वर्षी मी न्हाणीघरात पडले आणि खुबा मोडला. इस्पितळातून सोडले त्या दिवशी मुलगा मोठ्या हौसेने ठेंगणी धुऊनपुसून घेऊन आला. मला तिच्यात बसता येईना. आसन माझ्या पोटऱ्यांच्या उंचीला, टप माझ्या छातीशी, आणि डॉक्टरांनी वाकायला बंदी केलेली.

"आई, आधी बूड टेकव, मग पाय घे," मुलगा म्हणाला.

"टेकवू कुठे? जमिनीवर?"

दारात रांगेत उभा असलेला एक माणूस म्हणाला, "आजी, डोकं आधी घाला." मी तेही करून बघितले. अर्धी आत, अर्धी बाहेर, पाठीमागे सगळे इस्पितळ. हट्टाने खाली घेतलेली टपाची ती दोन बोटे माझ्याच डोक्याला लागत होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

मुलगी मागून येत होती, औषधांची पिशवी घेऊन. ती म्हणाली, "दादा, ओढू नकोस तिला. आई, डब्यात चल."

डब्याचे मागचे दार उंच आणि रुंद. आत तिने गादी टाकली होती, कपाटांना गुंडाळायच्या जाड रजया बाजूंनी लावल्या होत्या. मला इस्पितळाच्या स्ट्रेचरवर आडवे केले आणि ते सरळ आत गेले, कुठेही न घासता. ती म्हणाली, "तुझ्यावर 'नाजूक'ची चिठ्ठी चिकटवू का?" मग तिने डबा इतका हळू चालवला की सायकली पुढे जात होत्या.

मी उताणी पडले होते. वर टपाचा उघडा पत्रा होता, आतून काही मढवलेले नव्हते. त्या पत्र्यात लांबच्या लांब उठाव काढलेले होते. पत्र्याला बळ यावे म्हणून ते काढतात, हे मला माहीत आहे. पण त्यांची टोके कशी संपवायची हे कोणालातरी बसून ठरवावे लागते. ते सरळ कापून टाकता आले असते. कापलेले नव्हते. प्रत्येक उठाव दाराजवळ येता येता नरम झाला होता आणि पत्र्यात विरला होता, नेमका कुठे ते सांगता येत नव्हते. जिथे पोती आणि कपाटांशिवाय कोणी बघणार नाही, अशा जागी कोणीतरी तळहात फिरवला होता. रेघ लाजली होती. मी रडले. मुलीला वाटले कंबर दुखते आहे, तिने वेग आणखी कमी केला.

मग आम्ही घरी पोहोचलो आणि तिने डबा मागच्या गल्लीत घेतला.

ठेंगणी इस्पितळापाशीच होती, पुढचे अंगण रिकामे होते. तरीही तिने सवयीने गाडी मागे वळवली. 'पुढे घे' एवढेच म्हणायचे होते. माझी जीभ रेटेना. शेजाऱ्यांच्या मदतीने तिने मला खुर्चीवर बसवून, वाळत घातलेल्या कपड्यांखालून, स्वयंपाकघरातून आत आणले. दारातून येताना म्हणाली, "डोकं सांभाळ." त्या दिवसापासून मी रोज ठरवते आणि रोज तिच्यासमोर दुसरेच काहीतरी बोलते. म्हणून हे इथे लिहिते:

माझ्या पश्चात माझ्या मुलीने आपली पांढरी गाडी पुढच्या अंगणात, दारासमोर उभी करावी आणि मला शेवटचे न्यायचे तेव्हा त्याच गाडीतून, पुढच्या दाराने न्यावे.

हे कलम वाचून वकीलबाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "आजी, हा कागद तुम्ही गेल्यावर उघडणार. तोवर तिने मागेच लावायची का?"

मी म्हटले, "तुम्ही व्याकरण तपासा."

पण त्यांनी ते वाक्य तसेच माझ्यासमोर धरून ठेवले. तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. साक्षीदार दोघेही येऊन बसले होते. त्यांच्यासमोर मी म्हटले, "अगं, डबा पुढे आण."

तिने ट्रे खाली ठेवला. "का? कोण यायचंय?"

इतकी वर्षे तिच्या मनात काय होते ते मला या शेवटच्या दोन शब्दांत कळले. कोणी यायचे असले की डबा हलवायचा असतो. मला मान वर करवेना.

मी म्हटले, "कोणी नाही. दारासमोर लाव. रोज तिथेच लाव. मला लाज वाटते."

"डब्याची?"

"नाही. माझी."

तिने किल्ली घेतली आणि निघाली. सवयीने मागच्या दाराकडेच गेली, आणि या वेळी गाडी तिकडेच असल्यामुळे ते बरोबरही होते.

तरी वरील कलम ७ मधील "माझ्या पश्चात" हे शब्द मी स्वतः खोडले असून, खाडाखोडीशेजारी आद्याक्षर केले आहे. बाकी वाक्य कायम.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. यातला मजकूर मी स्वतः वाचला आहे, मला तो समजला आहे, आणि एक सोडून बाकी कशाचाही मला पश्चात्ताप नाही. दोन धरावेत, टपाचा दुसरा.

सही: चुणीबाई

आम्ही खाली सही करणारे साक्षीदार असे लिहून देतो की, मृत्युपत्र करणारीने आमच्यादेखत सही केली आणि आम्ही तिच्यादेखत व एकमेकांच्या देखत सह्या केल्या. त्या वेळी ती पूर्ण शुद्धीवर होती व रडत होती. ही दोन्ही विधाने तिच्याच सांगण्यावरून लिहिली आहेत. सह्या भर दुपारी दिवा लावून कराव्या लागल्या, कारण पुढच्या खिडकीसमोर एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली होती आणि तिने खोलीतला सगळा उजेड अडवला होता. गाडी जरा पुढे घ्यायला सांगू का, असे आम्ही विचारले. नको म्हणाली.

साक्षीदार १: शेजारीण, निवृत्त ग्रंथपाल
साक्षीदार २: दातांचे डॉक्टर, समोरचे घर

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार