बाबांची नक्कल

३ नोव्हेंबर

शाळेच्या चाचणीत भौतिकशास्त्रात जेमतेम पास. उत्तरं सगळी बरोबर — पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून मार्क कापले. क्लासमध्ये पायऱ्या लिहिणारा मूर्ख, शाळेत न लिहिणारा मूर्ख. एकाच डोक्यात दोन्ही कसं मावायचं?

बाबा दुसऱ्या शाळेत बारावीला हाच विषय शिकवतात. म्हणाले, "संध्याकाळी बस माझ्यापुढे. लिहायची सवय लावू."

"संध्याकाळी क्लास असतो. आणि तुमच्यासारखं रमतगमत नाही चालत तिथे."

आईनं माझ्याकडे पाहिलं. बाबा चष्मा पुसत बसले.

७ नोव्हेंबर

प्रवेश परीक्षेची सराव चाचणी. क्लासचे सर मार्कांप्रमाणे बसवतात. मी दुसऱ्या रांगेत आले! जिची जागा मला मिळाली ती रडायला लागली. सर म्हणाले, "रडायला शाळा आहे. इथे गणितं सोडवतात." सगळे हसले. मीही.

१२ नोव्हेंबर

सर म्हणाले, शाळेत कसं शिकवतात ते दाखवतो. खडू दोन बोटांत धरला, मान डोलवली आणि घोगऱ्या आवाजात — "बाळांनो, घाई नको. आधी नीट बघा. मग लिहा."

बाबा. हुबेहूब बाबा.

त्यांच्या शाळेतली काही मुलं आमच्या बॅचला आहेत. त्यांनीच सरांना शिकवलं असणार. बाबांचं नाव त्यांनी 'डुलक्या' ठेवलंय. मागून एकजण म्हणाला, "सर, डुलक्या अजून एकदा." सरांनी अजून एकदा केलं.

मी त्यांची मुलगी, हे इथे कोणालाच माहीत नाही. कोणाला संशय येऊ नये म्हणून हसले. शेजारणीपेक्षा मोठ्यानं.

घरी आले तर दार बाबांनीच उघडलं. "दमलीस?" त्या आवाजाचाच राग आला. दप्तर टाकून आत गेले.

१३ नोव्हेंबर

शाळा, प्रयोगवही, क्लास. जेवताना डोळे मिटत होते.

२८ नोव्हेंबर

बाबांच्या शाळेनं बारावीचे तास आमच्या क्लासला देऊन टाकले. आता सरांची माणसं तिथे जाऊन शिकवणार. बाबांना सातवीचं सामान्य विज्ञान. तेही या वर्षापुरतं, पुढचं बघू म्हणाले.

"सातवीची मुलं गोड असतात," बाबा म्हणाले. आई ताटावरून उठून गेली.

मी गप्प बसायला हवं होतं. "मुलं तुमच्या तासाला झोपतात, बाबा. शाळा तरी काय करणार?"

"झोपतात खरी," ते म्हणाले. "पहाटेच्या बॅचला क्लास करून आलेली असतात गं."

९ डिसेंबर

बाबांनी क्लासचे सराव पेपर मागितले. "तुम्हाला कशाला?" "बघतो जरा." माझ्यावर पाळत ठेवायची असेल म्हणून आधी दिलेच नाहीत. आई ओरडली तेव्हा दिले.

स्वयंपाकघरात घड्याळ समोर ठेवून सोडवत बसले. वेळ संपली तेव्हा निम्मा पेपर कोरा. मी तपासला आणि म्हटलं, "क्लासमध्ये तुम्हाला शेवटच्या रांगेत बसवलं असतं."

ते हसले. "बरं. तिथून सुरुवात करू." आणि दुसरा पेपर पुढे ओढला.

मला वाटलं होतं त्यांना लागेल. लागावं म्हणूनच बोलले होते.

१६ डिसेंबर

शाळेच्या पूर्वपरीक्षेत सगळ्या पायऱ्या लिहिल्या, बाबा सांगतात तशा. पेपर मस्त गेला. घरी सांगितलं, "ठीक होता."

५ जानेवारी

मागच्या रांगांच्या शंका सोडवायला सरांनी नवीन माणूस ठेवलाय. तास सुरू झाला आणि दारातून बाबा आत आले. इस्त्रीचा शर्ट. त्यांच्या शाळेतली मुलं एकमेकांना ढोसून खिदळली. मी पुस्तकात डोकं घातलं. हजेरीचं यंत्र बंद होतं. सरांनी यादी बाबांच्या हातात दिली. त्यांनी प्रत्येकाचं पूर्ण नाव वाचलं — नाव, वडिलांचं नाव, आडनाव. माझ्यापाशी आले. नुसतं माझं नाव वाचलं आणि मान वर न करता पुढे गेले.