बाबांना दिलेलं उत्तर

४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू आता भन्ते झालास, तेव्हा म्हणे आम्हीच तुला नमस्कार करायचा. पण तुझं नाक मी पुसलंय, म्हणून आपला आशीर्वादच देते.

बाबांचं काही खरं नाही. चष्म्यांचं दुकान महिनाभर बंद आहे. डॉक्टरांनीही हात टेकले, फार तर दोन आठवडे म्हणाले. बाबांचा एकच घोशा, धाकटा कधी येतो? तुमच्या विहारात फोन नाही, म्हणून हे पत्र. असशील तसा निघून ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. इथे आलेलं टपाल पेटीत ठेवतात आणि फक्त पौर्णिमा-अमावास्येला वाटतात, आमचं मन सारखं घराकडे धावू नये म्हणून. हे तुला कळवायचं राहूनच गेलं. वाटलं, मला घाईचं पत्र कोण लिहिणार! इतके दिवस मी त्याच पेटीखालची फरशी रोज पुसत होतो.

थोरल्या भन्तेंनी लगेच जायला सांगितलं. पण खालच्या गावातून माझी गाडी परवा आहे. टपालाची गाडी आजच सुटते, ती माणसं घेत नाही, म्हणून पत्र पुढे धाडतो. बाबांना सांग, मी निघालोय.

माया आहेच, ती राहू दे.
तुझा,
धाकटा

३० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पाच दिवस राहून तू गेलास. बाबा शेवटी काय म्हणाले, असं तीनदा विचारलंस. तुझं नाव घेत शांतपणे गेले, असं मी सांगितलं. ते साफ खोटं होतं. तुझ्या तोंडावर खरं बोलायची माझी छाती झाली नाही.

दहा दिवस तुझ्याकडून ना पत्र ना निरोप. माझं डोकं फिरलं होतं. चौदा तारखेला सकाळी बाबांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी ताडकन बोलले, की पत्र कधीच पोचलंय, पण त्याने नाती तोडलीत, तो येणार नाही, आता विचारू नका. बोलून गेले आणि जीभ चावली. पण काय उपयोग?

बाबा चिडले नाहीत, रडले नाहीत. तोवर दाराकडे तोंड करून पडायचे. खाट भिंतीकडे फिरव म्हणाले. मी फिरवली. संध्याकाळी ते गेले.

लोभ असू दे, असं आता कोणत्या तोंडाने लिहू?

ताई