इंग्रजीतलं मायबाप

प्रिय बाबा,

आज तुमच्यावरच चिडून लिहायला बसले आहे. तुमच्याशिवाय हा राग कोणाला कळणार? सुरेशकाकाला तर नाहीच. तो तुमचा सख्खा भाऊ, पण सारा गोंधळ त्यानेच घातलाय.

झालं असं. दर्यापुरात आपल्या विहाराजवळ नगरपालिका अभ्यासिका बांधते आहे. तिला तुमचं नाव द्यावं, असं वस्तीने ठरवलं. किती आनंद झाला म्हणून सांगू! काल मी मुद्दाम अमरावतीहून तिकडे गेले आणि काकाने अर्ज पुढे केला. इंग्रजीत. मोबाइलला सांगून करून घेतलेला. सगळ्यांच्या सह्या झालेल्या, फक्त घरच्यांची, म्हणजे माझी, बाकी. पहिलीच ओळ होती, "वुई मोस्ट हंबली बेग..."

हंबली! तुमच्या नावासाठी!

आठवतं ना? रविवारची वंदना आटोपली की लोक आपल्या ओट्यावर कागद घेऊन बसायचे. इंग्रजीचे मास्तर म्हणून सगळ्यांचे अर्ज तुमच्याकडे. कोणी बाहेरून लिहून आणलेल्या कागदात 'हंबली' दिसलं की तुम्ही त्यावर आडवी रेघ ओढायचात आणि वर 'काइंडली' लिहायचात. "मायबाप म्हननं सोडलं ना आपन? मंग हे इंग्रजीतलं मायबाप काहून लिहून राहिला?" आजोबा पाटलाच्या ओसरीखाली, उन्हात उभे राहून 'मायबाप' म्हणायचे, हे तुम्ही कधी विसरला नाहीत. आम्हालाही विसरू दिलं नाहीत.

पण बाबा, तुमच्या त्या ताठपणाचं आम्ही काय काय सोसलं! तुम्ही नोकरीसाठी अकोटला खोली करून राहायचात, आई दर्यापुरात मला घेऊन. तुमच्या संस्थेची शाळा दर्यापुरातही होती. बदलीचा अर्ज तुम्ही दरवर्षी करायचात आणि दरवर्षी 'काइंडली'. हेडमास्तर म्हणाले, जरा नरम लिहा. नाही म्हणजे नाही! शनिवारी संध्याकाळी एसटीतून उतरायचात, सोमवारी पहाटे परत. माझं टायफॉइडचं आजारपण तुम्ही पाहिलंच नाही.

आई एकदाच बोलली. "लिहून टाका ना हो. कागदावर वाकल्यानं पाठ दुखते का?"

तुम्ही म्हणालात, "पाठ नाही दुखत. पन पोट्टे वाचतात ते."

वाचलं हो, बाबा. वाचलं म्हणूनच अडकले ना आता!

काल मी सही केली नाही तर काका उसळला. "सुषमे, सही कर ना व! हापिसात असंच लागते. दादानं लिहिला असता अर्ज, तं नाव पुढच्या जन्मी लागलं असतं!" आणि आपण तर पुढचा जन्मही मानत नाही. तुम्ही असता तर हसला असता. मला रडू आलं. कागद पिशवीत कोंबून मी अमरावतीची बस धरली. सोमवारी अर्ज द्यायचा आहे, आणि माझ्यामुळे तुमचं नाव राहिलं तर वस्ती मला काय म्हणेल?

घरी येऊन मीही मोबाइलला विचारलं, याऐवजी दुसरा शब्द दे. त्याने भराभर दिले. 'अर्नेस्टली', 'रिस्पेक्टफुली', अजून दोन-तीन. आदराने म्हणायला माझी हरकत नाही. पण पुढचं 'बेग' तसंच! आदराने भीक मागायची म्हणजे काय?

आणि तुमचं ते 'काइंडली'! तेही तुम्ही कमी ताणलंत का? नोकरी लागून मी इथे आले तर रोज मेसेज. "काइंडली जेवून घे." "काइंडली स्वेटर घाल." मैत्रिणी हसायच्या, मी वैतागायचे. सख्ख्या लेकीला कोणी असं लिहितं का? आता वाटतं, तुमच्यासाठी साहेब आणि लेक एकाच पायरीवर होते. साहेबाला जास्त वाकून नाही आणि लेकीला कमी मानाने नाही.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहूनच गेली. सरकारी कचेरीत मी आवकला बसते. टेबलावर रोज अर्जांचा ढीग येतो. आम्ही तारीख बघतो, सही बघतो, सोबतचे कागद बघतो. त्या शब्दाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही! 'हंबली'वाला अर्जही तितकाच पडून राहतो. तुमची बदली त्या शब्दामुळे अडली नव्हती, बाबा. आई मात्र त्या शब्दामुळेच अडली, असं मनात धरून गेली. आजोबांपासून इतकी माणसं वाकली आणि समोरच्याने पाहिलंसुद्धा नाही. याचा संताप कुठे काढू?

तर ऐका. अर्ज मी नव्याने लिहिणार. "काइंडली नेम द रीडिंग रूम", बस. उद्या दर्यापूरला जाऊन एकेका दारात उभी राहून सह्या घेईन, पहिली काकाची. तो ओरडेल, ओरडू दे. नाव लागलं तर ताठ मानेनं लागेल. नाही लागलं, तरी पोरी त्या खोलीत बसून अभ्यास करतीलच, आणि तुमच्या नावाने कोणी भीक मागितली, असं त्यांना कधी वाचावं लागणार नाही. हा माझा शब्द.

जेवले आहे. स्वेटर घातलाय. काइंडली काळजी करू नका.

जय भीम, बाबा.

तुमची,
सुषमा