शेवटच्या रांगेपर्यंत

दि. ४ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ. वि. वि.

इकडे सगळे ठीक, फक्त माझं डोकं ठिकाणावर नाही. आमच्या हौशी वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाची सुरुवात माझ्या एकटीच्या क्लॅरिनेटने आहे. चार ओळी, त्याही अगदी हळू. जोरात वाजव म्हणालीस तर छप्पर उडवीन, पण हळू वाजवायला गेले की स्वराआधी नुसती हवाच फुसफुसते. तोंडाशी बोरूची पातळ पट्टी असते, रीड म्हणतात, ती थरथरायचंच सोडून देते. काल तुझे भावजी म्हणाले, गॅसवर चहा उकळतोय का बघ. दोन तास बोलले नाही त्यांच्याशी.

आमचा वाद्यवृंद बसवणारे सर वीस तारखेला सभागृहात शेवटच्या रांगेत जाऊन बसणार. तिथे स्वच्छ ऐकू आलं तर ठीक, नाहीतर सुरुवात बासरीवाल्याला. मेला आत्तापासूनच माझ्या ओळी गुणगुणतोय. तीस वर्षं औषधांच्या दुकानात उभी राहिले, आता कुठे स्वतःसाठी काही शिकले. हे हातचं गेलं तर फार लागेल गं मला.

माया आहेच, ती पत्रातूनही पाठवत जा.
तुझी,
ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी भावजींशी बोल, बिचारे. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण तुझं पत्र वाचून शिलाई शिकतानाचं माझं पहिलं वर्ष आठवलं. तलम कापड आलं की मी घाबरून मशीन हळू चालवायची, आणि हळू म्हणजे पाय सैल सोडायची. चाक उलटं फिरायचं, दोरा तटकन तुटायचा. शेवटी बाईंनी माझा पाय पायडलवर दाबून धरला नि म्हणाल्या, "वेग कमी कर, जोर नको सोडूस."

तूही फुंकेतला जोरच काढून घेत नाहीयेस ना? लहानपणी पाहुण्यांसमोर हळू बोल म्हटलं की तू पुटपुटायचीस, आठवतं?

चुकलं तर धाकटी म्हणून पदरात घे.
तुझी,
चिमणी

दि. २१ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ. वि. वि.

अगं, काल मैदान मारलं!

तुझं पत्र वाद्याच्या पेटीतच ठेवलं होतं. रोज आधी जोरात एक स्वर धरायचा, मग पोट तसंच घट्ट ठेवून फुंक बारीक करत न्यायची, पण तुटू द्यायची नाही. ओठांचे कोपरे आवळायचे, दात मात्र रुतवायचे नाहीत. चार दिवस चहाच उकळला. पाचव्या दिवशी तुझे भावजी हातातलं वर्तमानपत्र टाकून दारात येऊन उभे राहिले.

काल सर शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसले. मी पोट सैल सोडलं नाही. पहिला स्वर स्वच्छ निघाला, आणि चारही ओळी तशाच गेल्या. मग सर मागूनच म्हणाले, "प्रत्येक स्वर पोचला. आता याहून हळू वाजवा."

याहून हळू, चिमणे! मला सांगतात! आणि वाजवलं मी. तेही पोचलं. बासरीवाल्याने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या, म्हणून त्याला माफ केलं.

कार्यक्रम पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आहे. तुझं तिकीट काढून ठेवलंय. पुढे बसायचा हट्ट धरू नकोस, तुझी जागा शेवटच्या रांगेतच आहे.

लोभ तुझ्या शिलाईइतका पक्का असू दे.
तुझी,
ताई